तर्जनी उचलली की

गिटारवर ई मेजर धरायला तीन बोटं लागतात. मधलं बोट आणि अनामिका दुसऱ्या फ्रेटवर शेजारी-शेजारी, तर्जनी त्यांच्या अलीकडे, पहिल्या फ्रेटवर, तिसऱ्या तारेला टेकलेली. सहाही तारा एकदम छेडल्या की खोली उजळते. भिंतींना, कपाटाच्या काचेला, पोटाशी धरलेल्या लाकडाला एकदमच काहीतरी चांगलं कळल्यासारखं होतं. आता बाकी काही हलवायचं नाही. फक्त तर्जनी उचलायची. एक तार मोकळी होते, तिचा स्वर अर्ध्या पायरीनं उतरतो, उरलेल्या पाच तारा जिथल्या तिथे तशाच वाजत राहतात, आणि तरीही त्याच खोलीत आता दुपार टळलेली असते, कुणीतरी नुकतंच उठून गेलेलं असतं, काचेवरचं ऊन सरकून कोपऱ्यात जाऊन बसलेलं असतं.

हा ई मायनर.

या हालचालीचा मला सुरुवातीला नादच लागला होता. तर्जनी टेकवायची, उचलायची; उजेड, सावली; उजेड, सावली. घरच्यांच्या मते तो निव्वळ छळ होता. मला मात्र त्या एका बोटाखाली काहीतरी सापडल्यासारखं वाटे. उदासी म्हणजे छातीवरचं ओझं असं आपण म्हणत असतो, आणि इथे तर ओझं उचलल्यावर ती येत होती. पुढे वाचनात आलं की मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डला ‘नथिंग एल्स मॅटर्स’ सापडलं तेही असंच काहीसं. एका हातात फोन, पलीकडे मैत्रीण, आणि दुसऱ्या हाताचा गिटारीच्या तारांशी नुसता चाळा. फ्रेट दाबायला हातच मोकळा नाही. जाड ई, मग जी, मग बी, मग वरची बारीक ई. कुणी काही न करता ई मायनर. १९९१ साली ते गाणं जगभर गेलं. पण त्याच्या सुरुवातीचे ते चार ठिबके ऐकताना अजूनही वाटतं की गिटार कुणी वाजवत नाहीये, ती स्वतःशीच बोलतेय.

गंमत अशी की, त्या सहा मोकळ्या तारांत जी मेजरचेही तिन्ही स्वर आहेत. जी, बी, डी. भांडवल तेच. सगळ्यात खाली कोण बसलंय एवढ्यावरच सगळं ठरतं. तळाशी ई असला की वरचे सगळे त्याच्या नजरेनं दिसू लागतात. मायनरमधल्या काही रॉक गाण्यांनी मला इतकी वर्षं धरून ठेवलं आहे ते याच एका गोष्टीसाठी, असं मला वाटत आलं आहे : त्यांतला आनंद कुठेही गेलेला नसतो. तो तिथेच असतो, त्याच स्वरांत, हाताच्या अंतरावर. आपली बसायची जागा तेवढी बदललेली असते.

एकटी तार मात्र वेगळंच सांगते.

माझी आत्या गाणं शिकलेली. मैफली वगैरे नाहीत, पण पहाटेचा तानपुरा कधी चुकला नाही. जव्हारीचा दोरा नखानं कणभर पुढे-मागे सरकवत ती खर्जाची तार लावायची, आणि ती मनासारखी लागली की तिचा चेहरा सैल व्हायचा. ‘‘ऐक,’’ ती म्हणायची, ‘‘आला बघ.’’ मला काही ऐकू यायचं नाही. मग एका पहाटे आलं. ‘सा’च्या त्या गुंजारवात, कुठेही न छेडलेला, अंधारात उदबत्तीचं टोक दिसावं तसा, शुद्ध गंधार. स्वयंभू गंधार. कोणतीही तार नुसती आखीच थरथरत नाही. ती अर्ध्यातही थरथरते, तिसऱ्या हिश्श्यात, चौथ्या हिश्श्यात, पाचव्या हिश्श्यात, आणि त्या पाचव्या हिश्श्याच्या थरथरीत हा गंधार राहतो. म्हणजे मेजरचा आनंद तारेला जन्मतःच मिळालेला. कोमल गंधाराचं तसं नाही. तो असा आयता कानावर येत नाही. त्याला माणसानं आणून बसवावं लागतं.

आणि बसवला तरी शुद्ध गंधार काही गप्प होत नाही. हे ध्यानात आलं तेव्हा मी गिटार मांडीवर तशीच ठेवून बराच वेळ बसलो होतो. ई मायनर वाजतो तेव्हा वर कोमल गंधार असतो, ठळक, मोकळ्या तारेवरचा. आणि त्याच वेळी खालच्या जाड ई तारेच्या पोटातून तिचा स्वतःचा शुद्ध गंधार पुटपुटत असतो. अर्ध्या स्वराच्या अंतरावर दोघं एकमेकांना घासत राहतात. कानाला ते घर्षण वेगळं काढून दाखवता येत नाही, पण कॉर्डाला जी एक ओल असते, किंचित खरखरीत, रडून झाल्यावरच्या आवाजासारखी, ती बहुधा इथूनच येत असावी. मेजर कॉर्ड बोलून मोकळा होतो. मायनर कॉर्डाच्या मनात एक आहे आणि ओठांवर दुसरं.

म्हणून त्याला नुसतं दुःखाचं म्हणून टाकणं मला कधी पटलं नाही. २०१० साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी अभिनेत्रींकडून वेगवेगळ्या भावनांत छोटे छोटे शब्द म्हणवून घेतले, तेव्हा उदास उच्चारांत आवाज जेवढा खाली घसरला ते अंतर साधारण सा ते कोमल गंधार एवढं निघालं. असेल. पण आपल्याकडे होळीचा गुलाल उधळत गायल्या जाणाऱ्या होऱ्या काफीत असतात, आणि काफीत गंधार कोमल, निषादही कोमल. पिचकाऱ्या, ढोलक, टाळ्या, आणि स्वर हे असे. आमच्या आत्याला कुणी विचारलं असतं की यात रडण्यासारखं काय आहे, तर तिनं विचारणाऱ्यालाच रंगवून परत पाठवलं असतं. दुःखाशी कोमल गंधाराचा संबंध आहे, नाही असं नाही. पण तो भाडेकरूचा. घर त्याच्या नावावर नाही.

रॉकनं या गंधाराशी फार विचित्र वागणूक ठेवली. आवाज फाटेस्तोवर वाढवला, त्या फाटण्यालाच नादाचा दर्जा दिला, आणि मग लक्षात आलं की त्या भडक्यात गंधार तगत नाही. शुद्ध असो की कोमल, नुसता चिखल होतो. म्हणून गिटारवाल्यांनी तो सरळ गाळून टाकला. सा आणि पंचम, बस. त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. धोबी तलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहून ज्यांनी तो अंगावर घेतला आहे त्यांना ठाऊक आहे की तो कानात शिरतच नाही, बरगड्यांत शिरतो. पण त्यात ना सुख, ना दुःख. नुसतं उभं राहणं. मग त्या उभ्या भिंतीवर गायक येतो आणि गंधार घेऊन येतो, बहुतेक वेळा कोमल, कित्येकदा शुद्ध आणि कोमल यांच्या मधल्या फटीतला, कारण हे सगळं मूळचं अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या ब्लूजमधून आलेलं, आणि ब्लूजनं त्या फटीतच बिऱ्हाड केलेलं. गिटारवाला तार ओढून तोच स्वर मींडेनं शोधत राहतो. खाली एवढं दणकट जोतं, आणि वर एवढं हळवं काहीतरी. हळवेपणाला असा आधार मिळाला की तो किरकिरा होत नाही. त्याला कणा येतो.

न्यूकासलच्या पोरांनी, म्हणजे ‘द ॲनिमल्स’नी, १९६४ च्या मे महिन्यात लंडनच्या एका स्टुडिओत एका दमात ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ ध्वनिमुद्रित केलं. गाणं जुनं, लोकगीत, अनेकांच्या तोंडून फिरत आलेलं. दोनच वर्षं आधी बॉब डिलननंही ते गायलं होतं. पण हिल्टन व्हॅलेंटाइनची ती चढती-उतरती गिटार सुरू होते आणि वाटतं की हे आत्ताच, आपल्यासमोर, पहिल्यांदा घडतंय. तार-तार सुटी करून वाजवलेला ए मायनर. मग सी, मग डी, मग एफ. नुसतं ऐकणाऱ्याला यात एक जिना दिसतो, पायरी-पायरीनं वर जाणारा. आत काय चाललंय ते आपल्या भाषेत सांगायचं तर ए हा सा धरा. डी मेजरबरोबर शुद्ध धैवत लागतो आणि पुढच्याच एफमध्ये तो कोमल होतो. तळाचे स्वर चढताहेत, आणि त्यांच्या आत एक स्वर हळूच उतरतोय. वर जाणारा माणूस आतून खचतोय, आणि त्याचं त्यालाही अजून कळलेलं नाही. पुढे ई मेजर येतो तो शुद्ध निषाद घेऊन, सीमधला कोमल निषाद अजून कानात असताना. म्हणजे एका कडव्यात दोन्ही धैवत, दोन्ही निषाद. एखाद्या रागात असं केलं तर गुरुजी उठवून बाहेर काढतील. इथे मात्र एरिक बर्डनचा तो घोगरा, कोळशासारखा आवाज सगळ्यांना एका दावणीला बांधतो आणि ऑर्गन मागून भरतीसारखा चढत येतो. त्या सगळ्या चढउतारात मायनर कॉर्ड एकच आहे, ए मायनर. बाकी सी, डी, एफ, ई, सगळे मेजर.

हे मोजायची सवय मला ‘हॉटेल कॅलिफोर्निया’नं लावली.

आमच्या पिढीतल्या कुठल्याही इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर एक गिटार असायची, तिची एक तार गेलेली असायची, आणि रात्री जेवणं झाल्यावर गॅलरीच्या कठड्याला टेकून कुणीतरी हेच गाणं वाजवत असायचं. खाली मेसच्या मागे भांड्यांचा आवाज, दूरच्या हायवेवर ट्रक, वर न लागणारी ट्यूबलाइट सारखी फडफडतेय, आणि त्या सगळ्यातून बी मायनर. ईगल्सचं हे गाणं १९७६ च्या शेवटी आलं. आम्ही ऐकलं तेव्हा ते म्हातारं व्हायला हवं होतं, पण झालं नव्हतं. त्याची चाल डॉन फेल्डरची, आणि सुरुवातीच्या त्या बारा तारांच्या गिटारीवर सातव्या फ्रेटला कॅपो लावलेला. म्हणजे बोटांना लागतो तो आकार ई मायनरचाच, फक्त उंचावर नेलेला, तिथल्या विरळ हवेत चमकणारा.

आठ मापं, आठ कॉर्ड. बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर, एफ शार्प. या आठांत मायनर किती? दोन. सहा मेजर आहेत. इतकी वर्षं ज्या गाण्याला आपण रात्रीचं, वाळवंटातलं, परतीची वाट नसलेलं गाणं म्हणत आलो, त्याच्या फिरत्या चक्रात तीन चतुर्थांश उजेड आहे. पण तो उजेड आपल्यासाठी थांबत नाही. बी मायनरवर आपण बसलेले असतो. एफ शार्प ताण देतो, त्या ताणानं आता घरी जाऊ असं वाटतं तोच खाली ए येतो, मोकळा, हसतमुख. मग ई, त्याहून प्रसन्न. मग जी आणि डी, दोन दारं एकामागून एक उघडल्यासारखी, आणि डीवर तर क्षणभर पक्कं वाटतं की इथेच, याच मेजरमध्ये, आता गाणं कायमचं राहायला आलं. राहत नाही. ई मायनर येतो, एफ शार्प येतो, आणि आपण पुन्हा तिथेच, बी मायनरच्या ओट्यावर.

सुट्टीत घरी गेलो असताना मी आत्याला हे गाणं टेपवर ऐकवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं, मध्येच एक हात मांडीवर स्थिर ठेवून, जणू कुठला तरी सा बोटानं दाबून धरलाय.

‘‘अरे, यांचा तानपुरा चालतोय की काय?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे खालचं सगळं सरकतंय. माझा सा मी सोडला नाहीये, तरी तो दर वेळी दुसराच होतोय.’’

गिटारच्या कुठल्याही पुस्तकात मला याहून नेमकं काही मिळालं नाही. तिनं धरलेला तो सा, म्हणजे बी. बी मायनरवर तो सा आहे, घरचा. ई मेजर आला की तोच, तसूभरही न हलता, पंचम होतो. जी आला की तो शुद्ध गंधार होतो. पहाटे तानपुऱ्यातून आपोआप येणारा तो, स्वयंभू. आणि कडवं पुरं होऊन बी मायनर परतला की पुन्हा नुसता सा, डोक्यावर कोमल गंधाराची सावली घेऊन बसलेला. स्वर बापडा काहीच करत नाही. त्याच्यावरून सगळं सरकत जातं. आपल्या संगीतात आधाराची जमीन अढळ असते आणि स्वर तिच्यावर हिंडतो. इथे स्वर जागीच उभा आणि जमीन त्याच्या पायाखालून वेगवेगळ्या ऋतूंतून जातेय. ज्यांना हे गाणं लागतं त्यांना नेमकं हेच लागत असावं. आपण बदललो नाही, आपण काहीच केलं नाही, आणि तरीही कधी सुखात होतो, कधी नव्हतो.

शेवटी फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या गिटारी एकमेकींना हात देत-घेत वर चढतात, मग जोडीनं त्याच आठ कॉर्डांतून थेंब-थेंब उतरत राहतात. त्यांना कुणी सांगितलंय की आता संपवा? कुणीच नाही. आवाज कमी कमी होत जातो. चक्र थांबत नाही, आपणच त्यापासून लांब जात राहतो.

पिंक फ्लॉइडची गोष्ट निराळी. १९७९ च्या ‘कम्फर्टेबली नम्ब’मध्ये रॉजर वॉटर्सचं कडवं बी मायनरमध्ये आहे, कोरडं, दवाखान्याच्या दिव्यासारखं पांढरट, आणि डेव्हिड गिल्मरचं धृपद डी मेजरमध्ये, जिथे अचानक छप्परच निघून जातं आणि वर आकाश असतं. त्या धृपदानं अनेकांना रडवलं आहे, आणि ते मेजरमध्ये आहे. बी मायनर आणि डी मेजरचे सातही स्वर एकच. एकही नवा आणलेला नाही, जुना एकही टाकलेला नाही. आत्या याला मूर्च्छना म्हणाली असती. भूपाचे पाच स्वर घ्या आणि त्याचा धैवत सा मानून बसा; समोर धानी. तेच स्वर, आणि रॉक गिटार शिकणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी जी पाच स्वरांची मायनर सरगम घोटायला देतात ती हीच. गिल्मरचा शेवटचा तो लांबलचक सोलो पुन्हा बी मायनरवर उतरतो. तो ऐकवल्यावर आत्या म्हणाली होती, ‘‘धानीच की ही. जरा दांडगाई करतोय, पण लावलीय छान.’’ त्या सोलोत तारा अशा ओढल्या आहेत की एकेका स्वराला रक्त यावं. आणि कुठेतरी खाली, इतकं उघड की दिसू नये, धृपदातलं ते आकाश पसरलेलंच असतं. सोलो त्याच्याकडे पाहत नाही. पाहिलं असतं तर तो इतका चांगला झाला नसता.

आता एक गाणं उरलं, आणि ते माझ्या सगळ्या मांडणीला उलटं लटकवतं. १९६८ च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन मुंबईत होता, एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन एका चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित करत होता. त्याच वर्षीच्या बीटल्सच्या पांढऱ्या अल्बमवर त्याचं ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ आहे. कडवं ए मायनरमध्ये, तळाचा स्वर ए-वरून अलगद पायरी-पायरीनं एफपर्यंत उतरतो. एरिक क्लॅप्टनची गिटार त्यावर विव्हळते. इथवर ठीक. पण मधल्या अंतऱ्यात सा न हलवता हॅरिसन गंधार बदलतो. ए मायनरचा ए मेजर. एकच स्वर अर्ध्या पायरीनं वर, आणि सगळं लख्ख.

लख्ख व्हायला हवं होतं, खरं तर. कारण त्या मेजरमधल्या अंतऱ्यात त्यानं रचलेले कॉर्ड पाहा. ए, सी शार्प मायनर, एफ शार्प मायनर, पुन्हा सी शार्प मायनर, बी मायनर, ई. सहांत चार मायनर. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ मायनरमध्ये बसून मेजर दाखवत फिरवतं. हा मेजरची पाटी लावतो आणि आत एकामागून एक मायनरच्या खोल्या उघडत जातो. शेजारच्या घरात लग्न असावं आणि आपल्यालाही जाणं भाग असावं, तसा तो अंतरा मी ऐकतो. नवे कपडे, दिवे, अत्तर, आणि ओळखीचे चार चेहरे, चारही उतरलेले. क्लॅप्टनच्या विव्हळण्यानं मला कधी काही झालेलं नाही. या उजेडातल्या सहा कॉर्डांनी मात्र दर वेळी घशाशी येतं, आणि ई संपून कडव्याचा ए मायनर परत लागला की चक्क सुटल्यासारखं वाटतं.